दोड्डप्पाच्या पाठीवरचा दगड

विसू, तुझा राक्षस दारातून बाहेर निघत नाही.

हे आम्हाला तुझ्या तेराव्यानंतरच्या रविवारी कळलं. मी, मल्लू आणि सुनंदा तुझ्या घरच्या हातमागाच्या खोलीत उभे होतो. मल्लूनं खिशातून टेप काढून आधी दार मोजलं, मग तुझ्या त्या मातीच्या दोड्डप्पाला मोजलं, मग पुन्हा दार मोजलं. सदलग्याचा शेतकरी तो, मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नाही. "न्हाय निघत," तो म्हणाला. "ह्यानं आत बसून बांधला, आणि भाईर कसा काढायचा त्याचा इचारच केला न्हाय." सुनंदा म्हणाली, "त्यानं इचार कवा केलता कशाचा?" आणि आम्ही तिघंही हसलो. तू गेल्यावर तुझ्या घरात झालेलं ते पहिलं हसणं. वहिनी आतून डोकावून गेल्या.

तू कसा गेलास, किती वर्षं चित्रकला शिकवलीस, मागे कोण कोण आहे, हे सगळं पेपरात येऊन गेलं. फोटोही चांगला होता, फक्त त्यात तू शहाण्यासारखा दिसतोस. मला त्यातलं काही लिहायचं नाही. तू बरीच वर्षं रविवारी दुपारी एक डोंगर होतास, हे पेपरात आलं नाही. म्हणून ते मी लिहितो.

बेंगळूरची नोकरी सोडून तू बेळगावात, शहापूरला परत आलास तेव्हा लोकांना वाटलं होतं, काहीतरी कमावून आला असेल. तू आणलीस एक कापडी पिशवी, तिच्यात वेगवेगळ्या बाजूंचे फासे. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, वीस बाजूंचा. मला म्हणालास, "ह्यात पट न्हाय, सोंगट्या न्हाईत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते तुम्ही सांगायचं, जमलं का न्हाय ते फासा सांगणार." मी विचारलं, "आणि जिंकतंय कोण?" तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी चित्रकलेच्या तासाला भूमितीची पेटी उघडली होती.

तुमच्या घरातला माग तोवर बंद पडला होता. खोलीत उरला होता त्याचा लाकडी सांगाडा, कुणी विकत घेईना म्हणून. त्यावर फळ्या टाकून तू टेबल केलंस. मी कोर्टातून, म्हणजे रविवारी कोर्ट नसतं, पण अशिलांकडून सुटून यायचो. सुनंदा लोंढ्याहून रेल्वेनं यायची. तिथंच स्टेशनात नोकरी, त्यामुळे गाडी चुकली तरी तिची चूक कधीच नसायची. मल्लू सदलग्याहून मोटरसायकलवर. घरी कन्नड बोलायचा, आमच्याशी मराठी, आणि फाशाशी दोन्ही. वहिनी तिखट चिरमुऱ्यांची परात आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चाळिशीला आलासा की रं सगळे." त्यावर तू म्हणायचास, "व्हय, म्हणून तर घाई हाय."

पहिल्याच दिवसाचं मला अजून आठवतं. आम्ही तिघं तीन राज्यांचे सरदार. तू गोष्ट सुरू केलीस: समोर एक डोंगर लागतो, झाडं दाट, माथा सपाट, माणूस नाही. आता जगात कुठंही हा खेळ खेळणाऱ्यांनी काय केलं असतं? गुहा शोधली असती, खजिना शोधला असता, निदान शेकोटी केली असती. आम्ही काय विचारलं? मी विचारलं, "ह्यो डोंगर कुणाच्या हद्दीत येतंय?"

तू डोकं खाजवलंस. मग म्हणालास, "माहीत न्हाय. तुम्हीच ठरवा."

झालं. तासभर, दोन तास, चिरमुरे संपेपर्यंत आम्ही हद्दीवरून भांडलो. माझ्या राज्याचा दावा जुन्या कागदांवर, मल्लूचा दावा तिथं त्याची गुरं चरतात यावर, सुनंदाचा दावा असा की पाणी तिच्या बाजूला उतरतं. तिघंही बेळगावच्या आसपास जन्मलेलो, हे भांडण आम्हाला शिकवावं लागलं नाही. शेवटी आम्ही तोडगा काढला आणि अगदी खूश झालो: डोंगराच्या माथ्यावर मधोमध एक हद्दीचा दगड रोवायचा. तिथून पुढं ज्याचं त्याचं. वीस बाजूंचा फासा टाकला, वीसच पडले. दगड खोल गेला, पक्का बसला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि तू अगदी शांतपणे म्हणालास, "डोंगर हलला."

तर तो डोंगर नव्हता. तो एक झोपलेला प्राणी होता, इतका मोठा की त्याच्या पाठीवर रान उगवलं होतं. कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, कुणाला खाल्लेलं नाही, नुसता झोपलेला. आम्ही त्याच्या पाठीत दगड ठोकून त्याला जागं केलं. मल्लूनं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अय्यो, आमच्या दोड्डप्पासारखा हाय की. झोपमोड केली की संपलं." कानडीत थोरल्या चुलत्याला दोड्डप्पा म्हणतात. तेव्हापासून त्याचं नाव तेच.

पुढच्या रविवारी टेबलावर त्याची मातीची प्रतिकृती होती, मांजराएवढी. पाठीवर बरोबर खांद्यांच्या मधे एक काळा गुळगुळीत खडा. "ह्यो तुमचा दगड," तू म्हणालास. आम्ही त्याला कधी हात लावला नाही. हद्दीच्या दगडाला हात लावू नये, एवढं संस्कारातच आहे.

मग दिवाळी आली. गल्लीत पोरांनी किल्ले केले, निम्मे तुझ्याच देखरेखीखाली, आणि दिवाळी संपल्यावर नेहमीप्रमाणे माती कोपऱ्यात फेकली. तू ती बुट्टीनं भरून आत आणलीस आणि दोड्डप्पावर चढवलीस. पुढच्या वर्षी पुन्हा. आत बांबूच्या कामट्या, वर गोणपाट, त्यावर गल्लीभराच्या किल्ल्यांची लाल माती. मांजराचा कुत्रा झाला, कुत्र्याचा रेडा, आणि मग त्याला काही उपमा उरली नाही. टेबल त्याचंच झालं, आम्ही भिंतीकडेला स्टुलांवर. त्याची शेपटी दाराजवळून वळायची आणि सुनंदाची पर्स तिच्यावर टांगलेली असायची.

खेळातही तो वाढतच होता. कूस बदलली की गावं पडायची, उठून चालला की नद्या वाट बदलायच्या. आम्ही त्याला मारायचे सगळे उपाय केले. बेळगावच्या कॅम्पात वर्षअखेरीला सरतं वर्ष म्हणून म्हाताऱ्याचा पुतळा जाळतात तसं त्याला पेटवायचा बेत मल्लूचा. रान जळलं, तो शिंकला. मी खंदक खणला. सुनंदानं साखळदंड लावले आणि त्याचं दुसरं टोक कशाला बांधायचं यावर आमचं पुन्हा भांडण झालं, कारण झाड कुणाच्या हद्दीत ते ठरेना. आणि प्रत्येक लढाईच्या आधी तू तेच विचारायचास.

"मग? दगडाचं काय करतासा?"

आणि आम्ही तिघं एका सुरात, "दगड जाग्यावरच."

आमच्या तीन राज्यांनी आयुष्यात एकमतानं ठरवलेली ती एकच गोष्ट होती. तो दगड हलला असता तर सगळं भांडण पहिल्यापासून. म्हणून दोड्डप्पावर बाण मारताना आम्ही दगडाभोवती पहारा ठेवायचो. मला वाटायचं तू आठवण करून देतोयस, की बाबांनो, गडबडीत दगड सांभाळा. मी तर एकदा तुला शाबासकीही दिली होती.

तुझं माझं भांडण त्यानंतरचं. ते तू अर्धवट टाकून गेलास, आणि मला त्याचा राग आहे. तेराव्यालाही होता. लोक पाया पडत होते आणि मी तुझ्या फोटोसमोर मनातल्या मनात उलटतपासणी घेत होतो.

तो शेवटचा रविवार. मी फासा टेबलावर आपटला आणि म्हणालो, "संपव की रं आता हे. ज्याला मरणच न्हाय असला राक्षस खेळात ठेवायचा म्हंजे अन्याय हाय."

"त्याला मारायचंच हाय हे तुला कुणी सांगितलं?"

"मग काय करायचं? किती वर्षं लढायलोय?"

"तुम्ही एक गोष्ट अजून केलीच न्हाईसा," तू म्हणालास. चिरमुऱ्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होतास, तुझी ती घाणेरडी सवय.

"कुठली?"

"सांगितलं तर खेळ कसला रं?"

"पुढच्या रविवारी सांगायचं. बास."

"बघू," तू म्हणालास. पुढचा रविवार आला, तू नव्हतास.

तू काहीही लिहून ठेवायचा नाहीस. सगळा खेळ तुझ्या डोक्यात, आणि डोकं तर गेलं. एरवी मी अशा गोष्टींचा फार विचार करत नाही. माणसं जातात, माझ्या धंद्यात ते रोजचं आहे, वारसाचं नाव लावायला येतातच लोक. पण ती एक गोष्ट कुठली, हे माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना, कोर्टात, स्कूटरवर सिग्नलला. कधी वाटायचं तू थापच मारली असशील. थाप असती तर मला बरं वाटलं असतं का, तेही सांगता येत नाही.

आणि त्यात वहिनींना ती खोली हवी होती.

त्या शिवणक्लास काढतायत. बाहेरच्या सोप्यात मशिनी मावत नाहीत. मला म्हणाल्या, "मला जागा पायजे हो भाऊजी. नुसतं घरात बसून ऱ्हायलो तर याड लागंल मला." मग दोड्डप्पाकडे बघून म्हणाल्या, "ह्याचं काय करायचं ते तुमच्या मनानं करा. मी न्हाई हात लावणार. दिवाळीच्या आत तेवढं करा." बोलता बोलता त्या दाराच्या चौकटीला टेकल्या आणि जे मी विचारलं नव्हतं ते सांगितलं. "त्या दिवशी ह्यांना शाळंला उशीर झालता. डबा घेतला आणि पळाले. रोज दारातनं 'येतो गं' म्हणून वरडायचे, गल्लीला ऐकू जाईल असं. त्या दिवशी न्हाई म्हणाले. ऱ्हायलं म्हणायचं." मी बघू म्हणालो. तुझाच शब्द.

म्हणून त्या रविवारी आम्ही तिघं टेप घेऊन उभे होतो. माग आत आणताना सुटा करून आणतात आणि सुटा करूनच बाहेर काढतात, पण दोड्डप्पाला खिळे नव्हते. फोडायचा, हा एकच मार्ग. मल्लूनं घरून कुदळ आणली होती. ती घेऊन तो दाराच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि ती त्याच्यानं उचलवेना.

"असाच कसा फोडायचा?" तो म्हणाला. "लढाई अर्धी हाय."

"खेळवणार कोण? खेळ चालवणारा तर गेला," मी म्हणालो.

"मी चालवतो की," सुनंदा म्हणाली. आमच्याकडच्या बायका मी चालवतो, मी आलो असंच बोलतात, पण त्या दिवशी ते जरा जास्तच ठामपणे आलं. तिनं शेपटीवरची पर्स काढली, स्टूल ओढून तुझ्या जागी, खिडकीपाशी, दोड्डप्पाच्या डोक्याजवळ नेलं. पिशवीतून फासे काढले. मी तिला सांगणार होतो की त्या जागेवर बसू नकोस. सांगितलं नाही.

तिनं तुझ्यासारखं बोलायचा प्रयत्न केला नाही, हे बरं केलं. स्टेशनात गाडीची घोषणा करावी तशी सरळ सांगत गेली. दोड्डप्पा डोंगरांमधे उभा आहे. तुम्ही दमलाय. तोही दमलाय. सूर्य खाली आलाय. मल्लूनं धनुष्य घेतलं, मी भाला घेतला, नेहमीसारखं. मग ती थांबली. आम्हाला माहीत होतं आता काय विचारायचं असतं. तिलाही माहीत होतं. तिनं आवाज जरा बारीक केला.

"मग? दगडाचं काय करतासा?"

उत्तर तोंडात तयार होतं. मल्लूनं तोंड उघडलंसुद्धा. पण आम्ही दोघंही त्या दगडाकडे बघत होतो, विसू.

मी वकील आहे. एखादा माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल तर तो आठवण करून देत नाही, तो काहीतरी सांगतो, हे मला कळायला हवं होतं. आणि अजून एक. तू दरवर्षी दोड्डप्पावर नवी माती चढवायचास, चार बोटं जाड. तो खडा तिथंच पडून असता तर केव्हाच खाली गाडला गेला असता. पण तो कायम वरच होता. म्हणजे दरवर्षी कुणीतरी तो उचलत होतं आणि परत ठेवत होतं. इतकी वर्षं समोर बसून मी हे बघितलं नाही. हद्दीच्या दगडाकडे आपण तसं बघतच नाही ना.

"वकील," मल्लू हळूच म्हणाला, "काढून बघू या?"

"मग हद्दीचं काय?" माझ्या तोंडून निघालंच. सवय.

"चुलीत जाऊ दे हद्द."

मी फासा उचलला. एवढ्या वर्षांपूर्वी वीस पडल्यावर बसवलेला दगड, काढायलाही वीसच लागणार, असा माझा हिशेब. सुनंदा म्हणाली, "फासा ठेव खाली. हातानं काढ."

मी दोड्डप्पाच्या पाठीवर ओणवा झालो, खडा चिमटीत धरला आणि जोर लावला. जोर लावायची गरज नव्हती. मी मागच्या मागं स्टुलावर बसलो. तो रोवलेला नव्हताच. नुसता ठेवलेला होता.

त्याच्या खाली मातीत एक उथळ खळगा होता, आणि खळग्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा. गेल्या दिवाळीत ओली माती दाबून तू त्याला जागा केली असणार. रेषा स्पष्ट होत्या, नखाजवळची ती जुनी ब्लेडची खूण सुद्धा. आम्ही तिघांनी वाकून बघितलं. सुनंदानं तोंडावर पदर धरला. मी रडलो, हेही लिहून ठेवतो, म्हणजे तू नंतर म्हणायला नको की वकिलानं लपवलं. मग मला तुझा इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं, की दोन्हीतलं आधी काय ते सांगता येत नाही. थाप नव्हती. दर रविवारी तू दार उघडून उभा होतास आणि आम्ही दाराला पहारा देत होतो.

"पुढं?" मल्लूनं विचारलं. "दोड्डप्पा काय करतंय?"

सुनंदानं डोळे पुसले. "पाठ हलवून बघतंय. दुखत न्हाय म्हणतंय. उठतंय." तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "रान घेऊन पाठीवर, सावकाश, लोंढ्याच्या जंगलाकडं चाललंय. कुणाचं घर पडत न्हाय." लोंढ्याकडेच का, असं मल्लू विचारणार होता, मी त्याला पायानं ढोसलं.

मग आम्ही कुदळ घेतली. तुझा ठसा असलेला तुकडा मल्लूनं आधी खुरप्यानं सोडवून खिडकीत ठेवला, बाकीचं आम्ही फोडलं. फोडणं म्हणण्यासारखं काही नव्हतं, वाळलेली माती, कामट्या वाकल्या की ढासळायची. बुट्ट्या भरायच्या आणि दाराबाहेर न्यायच्या. गल्लीतली पोरं जमलीच. दिवाळी तोंडावर आलेली, किल्ल्यांना माती हवीच होती. आपल्या किल्ल्यांची माती परत मिळते आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही, सांगून कळलंही नसतं. त्यांनी ढीग तिथल्या तिथं वाटून घेतला आणि मधे विटेनं रेघ मारली, आणि त्या रेघेवरून लगेच भांडायला लागली.

दगडावरून आमचंही थोडं झालं. मल्लू म्हणाला खडा सदलग्याच्या रानातला दिसतो, म्हणून त्याचा. मी म्हणालो, ताबा माझ्याकडे आहे. सुनंदानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खिडकीत तुझ्या ठशाच्या शेजारी ठेवला. "कापड कापताना वजनाला होईल वहिनींना," ती म्हणाली, आणि तो विषय संपला.

शेवटची बुट्टी मी नेली. परत आलो तर खोली झाडून झाली होती, मागाचा सांगाडा उघडा, आणि दाराच्या चौकटीला वहिनी. आतापर्यंत आल्या नव्हत्या. खोलीभर बघत म्हणाल्या, "निघाला?"

इतक्या वर्षांत मी त्या खोलीत फाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय एक वाक्य बोललो नव्हतो, हे तुला माहीत आहे.

"निघाला, वहिनी," मी म्हणालो. "जाताना दारातनं येतो म्हणाला."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मल्लू खाली बघत राहिला. वहिनींनी चौकटीवरचा हात काढला, पदर सारखा केला, आणि रिकाम्या खोलीकडे बघून म्हणाल्या,

"या."